काळ्या मातीवरचं भेगाळलेलं घर: घ्यायचं की सोडायचं?

प्रश्न थोडक्यात असा. परभणीत पहिलंच घर घेताय. बावीस वर्षांचं स्वतंत्र घर, तळमजला आणि वर एक मजला, विटांच्या भारवाही भिंती, आरसीसी स्लॅब, जमीन काळी. एका कोपऱ्यात खिडकीपासून वर गेलेल्या तिरक्या चिरा आहेत आणि स्वयंपाकघराची फरशी मधोमध फुगली आहे. मालक म्हणतात, "नुसता गिलावा फुटलाय, पुट्टी मारली की झालं," आणि लगेच व्यवहार केला तर किंमत बरीच कमी करायला तयार आहेत. घ्यावं का?

लगेच नाही. पण घर आजच सोडूनही देऊ नका. चीर किती रुंद आहे यावर निर्णय घ्यायचा नसतो. घर कशामुळे हलतंय, ते अजून हलतंय का, आणि खाली मुरूम किती खोलीवर आहे, ही तीन उत्तरं हवीत. ती मिळायला फार खर्च लागत नाही, थोडे दिवस लागतात. ते दिवस द्यायला मालक तयार नसतील, तर कमी केलेली किंमत तुमच्या फायद्याची नाही.

आधी माती समजून घ्या. आपल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज असतं. पाणी प्यायलं की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हात जाईल अशा भेगा पडतात. घराखालीही हेच होतं, फक्त सगळीकडे सारखं होत नाही. घराच्या मधोमध माती झाकलेली असल्यामुळे ओलावा बराचसा टिकतो. कडेला ऊन लागतं, म्हणून कडा आणि कोपरे मे महिन्यात खाली जातात आणि पावसाळ्यात वर येतात. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते, पण वरच्या दीड-दोन मीटरात ती सगळ्यात जास्त असते. जुन्या घरांचे पाये नेमके ९० सेंटिमीटर ते सव्वा मीटरवर थांबवलेले असतात, म्हणजे सगळ्यात चळवळ्या थरात.

आता चिरा वाचा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी चीर पायाशी संबंधित असण्याची शक्यता मोठी. तिला मनातल्या मनात काटकोनात एक रेघ काढा. ती रेघ खाली ज्या बाजूला उतरते, तिकडचा पाया बसतोय. चीर वर रुंद आणि खाली बारीक असेल तर टोक खाली जातंय किंवा मधला भाग वर येतोय. खाली रुंद आणि वर बारीक असेल तर भिंतीचा मधला भाग बसतोय. स्लॅबच्या लगेच खाली भिंतीभर जाणारी आडवी चीर बहुतेक वेळा गच्ची उन्हाने प्रसरण पावल्याची असते. आरसीसी खांब आणि वीटकाम यांच्या सांध्यातली सरळ उभी चीर दोन साहित्यांच्या वेगळ्या आकसण्याची असते. या दोन चिरांचा पायाशी संबंध नसतो, आणि त्यांना घाबरून चांगली घरं सोडली जातात.

चिरेच्या आत टॉर्च मारून बघा. आत धूळ, जाळी, जुना रंग उतरलेला दिसला तर ती जुनी आहे. कडा स्वच्छ आणि विटेचा लाल रंग ताजा दिसला तर हालचाल चालू आहे. चिरेच्या दोन्ही बाजूंवर बोट फिरवा. एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आली असेल, तर भिंत तिच्या पातळीतून बाहेर सरकते आहे, आणि हे नुसत्या रुंदीपेक्षा जास्त गंभीर आहे. रुंदीचा ढोबळ अंदाज सांगायचा तर एक मिलीमीटरच्या आतलं काम रंगाऱ्याचं. पाच मिलीमीटरपर्यंत गवंडी पुरतो, अर्थात कारण दूर केल्यावर. पाच ते पंधराला भिंतीचा काही भाग उकलून बांधावा लागतो, दारं-खिडक्या अडकू लागलेल्या असतात. पंधराच्या पुढे गेलं की स्लॅबचं टेकणंसुद्धा तपासावं लागतं.

फक्त दिसणाऱ्या चिरांवर विसंबू नका. एकाच खोलीला ताजा रंग, एकाच भिंतीवर नवं पीओपी किंवा वॉलपेपर, कोपऱ्यात हलवता न येणारं कपाट, या जागा आवर्जून बघा. दाराची खालची किंवा वरची कड रंध्याने तासलेली दिसते का? चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. पाच-सहा मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी झाली आहे.

घर बसलंय की मुळातच वाकडं बांधलंय, हे ओळखायला गवंड्याचा लेव्हल पाईप पुरतो. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, हवेचा एकही बुडबुडा नको. जोत्याची वरची कड, खिडक्यांच्या उंबरठ्याची पातळी आणि स्लॅबचा तळ, अशा तीन ओळींवर घराभोवती आठ ते बारा ठिकाणी नोंदी घ्या. तिन्ही ओळी एकाच कोपऱ्याकडे सारख्याच झुकल्या असतील, तर बांधल्यानंतर घर तिकडे खचलं आहे. जोतं वाकडं पण स्लॅब पातळीत असेल, तर ती बांधणाऱ्याची चूक. वाकडं दिसेल, पण धोका नाही. फरशीवर पातळी मोजून निष्कर्ष काढू नका, न्हाणीकडे उतार मुद्दाम दिलेला असतो. तीन मीटर लांबीत दहा मिलीमीटर, म्हणजे तीनशेला एक, या फरकाच्या आसपास विटांच्या भिंतींना चिरा पडू लागतात. दीडशेला एक झालं की संरचनेलाच इजा व्हायची शक्यता असते. कोपऱ्यांवर ओळंबाही सोडून बघा.

मग घराबाहेर या. माझ्या मते पाहणीचा अर्धा वेळ इथे गेला पाहिजे, कारण पायाच्या तक्रारींचं मूळ बहुधा पाण्यात असतं. गच्चीचा पावसाचा पाईप भिंतीच्या मुळाशीच सुटलाय का? ड्रेनेजच्या चेंबरमध्ये पाणी साचतंय का? सेप्टिक टँक आणि शोषखड्डा त्याच कोपऱ्यात आहे का? जमिनीखालची टाकी? सगळे नळ बंद करून रात्री आणि सकाळी मीटरची नोंद घ्या. आकडा सरकला तर कुठेतरी पाईप फुटलाय. छपरावरचं पाणी जिरवण्यासाठी केलेला खड्डा भिंतीपासून तीन मीटरच्या आत असेल, तर चांगल्या हेतूने पायाच भिजवला जातोय. बारमाही ओला राहणारा एक कोपरा आणि दर उन्हाळ्यात सुकणारे बाकीचे तीन, एवढं घर तिरकं व्हायला पुरतं.

झाडंही बघा. गुलमोहर, उंबर, पिंपळ, निलगिरी, सुबाभूळ यांपैकी काही घरापासून त्याच्या उंचीपेक्षा कमी अंतरावर असेल तर ते पायाखालचं पाणी ओढत असणार. पण घर घेतल्याबरोबर ते तोडू नका. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, ही एक गोष्ट. आणि मोठं झाड अचानक गेलं की वर्षानुवर्षं सुकलेली माती पाणी पिऊन फुगते आणि खचलेला कोपरा उलट वर उचलला जातो. आधी छाटणी, मग मुळांना अडवणारी भिंत, आणि शेवटी तोडणं, असा क्रम ठेवा.

पुढची तपासणी मातीची. त्यासाठी मालकांची लेखी परवानगी घ्या. चिरा असलेल्या भिंतीला लागून, पण ऐन कोपऱ्यात नको, साधारण एक मीटर रुंद आणि दीड मीटर लांब खड्डा पायाच्या तळापर्यंत घ्या. भिंतीखाली खणायचं नाही. खड्डा त्याच दिवशी थर देऊन, धुम्मस करून बुजवायचा. आत काय बघायचं? पायाची खोली, तळाची रुंदी, खाली काँक्रीट आहे की नुसते दगड, तळाला काळी माती आहे की मुरूम, ती कोरडी आहे की चिकट ओली, मुळं आहेत का, सांडपाण्याचा वास येतो का. मग भिंतीपासून दोन-तीन मीटर दूर हाताच्या ऑगरने (माती पोखरत जाणाऱ्या गिरमिटाने) चार मीटरपर्यंत एक भोक घ्या, मुरूम कुठे लागतो ते कळेल.

तळाची किलो-दोन किलो माती पिशवीत भरून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी माती प्रयोगशाळेत द्या. 'फ्री स्वेल' ही चाचणी साधी आहे. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळकांड्यांत टाकतात, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यात २२ मिलीलिटर आणि रॉकेलमध्ये ११ भरली, तर फुगवटा १०० टक्के. ५० च्या आत असेल तर चिंता कमी, ५० ते १०० मध्यम, १०० च्या वर माती त्रासदायक, २०० च्या वर अतिशय वाईट.

पण मला विचाराल तर या आकड्यापेक्षा मुरुमाची खोली जास्त महत्त्वाची आहे. तुमचा निर्णय जवळजवळ तिच्यावरच ठरेल. दीड ते अडीच मीटरवर घट्ट मुरूम लागला, तर पाया तिथपर्यंत नेणं नेहमीच्या ठेकेदाराच्या आवाक्यातलं काम आहे. गोदावरी, पूर्णा, तापी यांच्या खोऱ्यांत मात्र काळी माती कित्येक मीटर खोल जाते. पाच-सहा मीटर खणूनही मुरूम लागत नसेल, तर राहत्या घराखाली मायक्रोपाइल, म्हणजे खोलवर नेलेले बारीक काँक्रीटचे खांब, घालावे लागतात. त्याला खास यंत्रं आणि अनुभवी माणसं लागतात आणि खर्च घराच्या किमतीला भिडू शकतो. पहिलं घर घेणाऱ्याने असं घर सोडावं, चिरा बारीक असल्या तरी.

जमिनीचा जुना सातबारा आणि गावनकाशाही काढा. अकृषिक होण्याआधीच्या नोंदींत विहीर दिसली, किंवा नकाशात प्लॉटमधून नाला गेलेला दिसला, आणि आज तिथे ना विहीर आहे ना नाला, तर ती जागा भरावाची आहे. बुजवलेल्या विहिरीवरचं घर दुरुस्त करणं फार अवघड असतं. शेजारच्या चार घरांत जाऊन चिरा विचारा. एकाच ओळीत सगळ्यांना असतील तर तो भरावाचा पट्टा असू शकतो.

आता तुमच्या स्वयंपाकघराच्या फुगलेल्या फरशीकडे वळू, कारण तिचं कारण वेगळं असू शकतं. पायासाठी खणलेली काळी मातीच जोत्यात भरून टाकायची, मुरूम आणायचा खर्च वाचवायचा, ही चूक गावोगाव झालेली आहे. पाईप गळला की तो भराव फुगतो, फरशी मधोमध वर येते आणि जोत्याची भिंत बाहेर ढकलली जाते. जोत्याची भिंत बाहेर फुगलेली आहे का बघा. बाकीच्या भिंती ठीक असतील, तर हा पायाचा दोष नाहीच. फरशी काढायची, ६० ते ९० सेंटिमीटर काळी माती काढायची, मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुम्मस करत भरायचा, वर १० सेंटिमीटर पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), मग फरशी. गळका पाईप आधी बदलायचा. एवढंच कारण असेल, तर किंमत उतरलेलं हे घर घेण्यासारखं आहे.

कोपऱ्याच्या चिरांची दुरुस्ती मात्र क्रमानेच व्हायला हवी. पहिलं काम पाण्याचं. गळती बंद, गच्चीचं पाणी बंद पाईपने किमान तीन मीटर दूर, शोषखड्डा हलवायचा. दुसरं, घराभोवती दीड मीटर रुंद जोते-संरक्षण: वरची ३० सेंटिमीटर काळी माती काढून मुरूम, वर १० सेंटिमीटर काँक्रीट, बाहेरच्या बाजूला तीस ते पन्नासला एक उतार, आणि भिंतीशी सांधा डांबरी मॅस्टिकने (लवचीक लुकणाने) बंद. तो उघडा राहिला की पाणी नेमकं तिथूनच आत जातं. भिंतीलगतच्या फुलझाडांच्या वाफ्यांना पूर्ण रजा.

तिसरं, वाट बघणं. चिरेच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे छोटे खिळे पक्के बसवा आणि व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या पट्टीने) दर महिन्याला अंतर मोजून तारखेसह लिहा. पीओपीची पट्टी लावून ती तडकते का हेही बघता येतं. पण ती हललं एवढंच सांगते, किती ते सांगत नाही. मे अखेर आणि सप्टेंबर अखेर या दोन नोंदी सर्वांत मोलाच्या. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारी चीर ऋतूची आहे, आणि पाण्याची व्यवस्था लावल्यावर ती बरीच शांत होते. पावसाळ्यातच उघडणारी किंवा वर्षभर एकाच दिशेने वाढणारी चीर म्हणजे पाण्याने माती मऊ होतेय किंवा भराव बसतोय.

हालचाल थांबली नाही तरच चौथं काम, पायाला खालून आधार. तुमच्यासारख्या कोपऱ्याचा हिशेब करून दाखवतो. एका बाजूला ४ मीटर, दुसऱ्या बाजूला ३, मिळून ७ मीटर भिंत. पाया ०.९ मीटरवर, मुरूम २.१ मीटरवर. म्हणजे १.२ मीटर उंच आणि ०.७५ मीटर रुंद काँक्रीट: सुमारे ६ घनमीटर, एम-२० दर्जाच्या काँक्रीटला अंदाजे ५० गोण्या सिमेंट. साहित्य फार नाही, खर्च मजुरी आणि वेळेचा आहे. एक-एक मीटरचे सात टप्पे पाडायचे आणि शेजारचे दोन कधीच एकदम उघडायचे नाहीत: आधी १, ४, ७, मग २ आणि ५, शेवटी ३ आणि ६. टप्पा १ आणि ७ भिंतीच्या दोन टोकांना येतात, कोपरा मधल्या टप्प्यात असतो, त्यामुळे तो खणताना वरच्या स्लॅबला टेकू हवेतच. काँक्रीट जुन्या पायाच्या तळापासून ७५ मिलीमीटर खाली थांबवायचं आणि एक-दोन दिवसांनी त्या फटीत १:३ चा जेमतेम ओला मसाला ठोकून-ठोकून भरायचा. हे ठोकणं नीट झालं नाही तर वरचा पाया त्या फटीएवढा खाली बसतो आणि सगळा खर्च वाया जातो. पुढचा टप्पा आठवड्यानंतर. दीड मीटरच्या खाली खणताना बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू लावा. काळी माती उभी राहिलेली दिसते आणि अचानक ढासळते. काम जानेवारी ते एप्रिलमध्ये, पावसात अजिबात नाही.

इथे एक चूक वारंवार होते. एकच कोपरा मुरुमावर नेला आणि बाकीचं घर काळ्या मातीवर राहिलं, तर पुढच्या उन्हाळ्यात नवी चीर बरोबर त्या जोडावर पडते. म्हणून आधाराची खोली टोकाला एकदम न संपवता पायऱ्यांनी कमी करत न्यायची आणि जोते-संरक्षण मात्र संपूर्ण घराभोवती करायचं. आणखी एक: काळ्या मातीत सिमेंटचं ग्राउट (पातळ मसाला) पंपाने भरून देतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका. अखंड चिकणमातीत ते शिरत नाही, फक्त पोकळ्या भरतं. पोकळी आहे हे आधी सिद्ध झालं पाहिजे.

व्यवहाराबद्दल. विसार पावती करण्याआधीच तपासणीची अट लिहून घ्या: संरचना अभियंत्याचा अहवाल प्रतिकूल आला तर विसार पूर्ण परत. अभियंता असा निवडा जो दुरुस्तीचा ठेका घेत नाही. बँकेचा मूल्यांकनकर्ता घर बघून जातो, पण तो बँकेसाठी किंमत ठरवतो, पाया उकरत नाही. अहवालात चिरांचा नकाशा, पातळीच्या नोंदी, खड्ड्याचे फोटो, कारण आणि परिमाणांसह दुरुस्ती हवी. त्यावर दोन ठेकेदारांचे दर घ्या, अडचणींसाठी पाव हिस्सा वर धरा, आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करून मागा. मालकांना "तुम्हीच दुरुस्त करून द्या" म्हणू नका. विकायच्या घाईत चीर बुजवली जाते, कारण तसंच राहतं. हे पैसे तुमच्याकडे रोख हवेत, घर खरेदीच्या कर्जात ते सहसा धरले जात नाहीत.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या काळजीने कळणार नाही असा आणि विक्रेत्याला माहीत असलेला महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगायलाच हवा. पण तुम्ही पाहणी करून दोष ओळखला की हे संरक्षण त्या दोषापुरतं संपतं. म्हणून सगळा हिशेब साठेखतापूर्वीच (विक्रीचा करार होण्याआधीच) मिटला पाहिजे. रेराची पाच वर्षांची संरचनात्मक हमी विकासकावर असते, बावीस वर्षांच्या घराला तिचा उपयोग नाही.

आणि किंमत खूप उतरली तर करांकडेही बघा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा रेडी रेकनर (सरकारी दराने होणारी किंमत), यांतल्या जास्त रकमेवर लागतं. शिवाय रेडी रेकनर तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल आणि फरक ५० हजारांवर असेल, तर आयकरात तो फरक तुमचं उत्पन्न धरला जातो. दोषामुळे किंमत खरोखर कमी आहे हे दाखवायला अभियंत्याचा अहवाल, नोंदणीकृत मूल्यांकनकर्त्याचा दाखला आणि साठेखतात दोषाचा स्पष्ट उल्लेख, असे तीन कागद लागतील. मुद्रांकासाठी खरेदीखतापूर्वी अभिनिर्णयाचा, म्हणजे शुल्क किती ते अधिकाऱ्याकडून आधीच ठरवून घेण्याचा, अर्ज करता येतो, आयकरात मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. सीएशी हे विसार देण्यापूर्वी बोला, नंतर नको.

घर घेतलंत, तर चिरा बुजवण्याचं काम सगळ्यात शेवटी, एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा नोंदी स्थिर राहिल्यावर. दर चार-पाच थरांआड आडव्या सांध्यात खाच पाडायची, चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जाईल अशी ६ मिलीमीटरची स्टेनलेस सळी न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये बसवायची, फुटलेल्या विटा बदलायच्या, आणि वर जाळी मारून गिलावा. सबंध सिमेंटचा कडक गिलावा टाळा, थोडा चुना मिसळलेला मसाला बारीक हालचाल सोसतो. रंग मात्र आणखी एक उन्हाळा गेल्यावर द्या, आणि खिळे रंगाखाली बुजवू नका. पुढच्या मे महिन्यात त्यांच्यातलं अंतर पुन्हा मोजायचं आहे.